पाया कुणाच्या पडायचं? मान आधी द्यायचा की कमवायला लावायचा?

जाईची_वेल

माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलंय आणि घरात वाद पेटलाय तो एका नमस्कारावरून.

तिचे थोरले काका घरातले कर्ते. काकूंवर हात उचलतात. हे सगळ्या घराला ठाऊक आहे आणि सगळं घर ठाऊक नसल्यासारखं वागतं. काकू मे महिन्यातल्या लग्नालाही मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालून येतात. गेल्या भाऊबीजेला मुलं ओळीने नमस्कार करत होती. हिची पाळी आली तर हिने हात जोडले, "नमस्कार काका" म्हणाली आणि बाजूला झाली. काकांनी पुढे केलेला पाय मागे घेतला, हातातलं पाकीट परत खिशात गेलं. तेव्हापासून माझ्या मेहुण्यांना फोनवर फोन: मुलीला वळण लावलं नाही, आता लग्नात चारचौघांत आमचा अपमान करणार का?

भाचीचं म्हणणं, "मी त्यांना अहो म्हणते, आले की पाणी देते, बसायला खुर्ची देते. ते मी गॅसवाल्यालाही देते. डोकं मात्र कुणाच्याही पायावर ठेवणार नाही." मेहुणे म्हणतात, "अगं, माणसाच्या नको पडूस, वयाच्या पड." त्यात जोडीने नमस्कार करायचा असतो. होणारा जावई गरीब स्वभावाचा, तो म्हणतो मी कुणाच्याही पडतो, मला काय. म्हणजे एक वाकलेला आणि एक ताठ, फोटो कसा येईल ही बहिणीची चिंता!

मला बापाचंही कळतं आणि लेकीचंही, म्हणून हा धागा. काकूंशी वेगळं बोलणं चालू आहे, त्यावर कृपया इथे सल्ले नकोत. प्रश्न नमस्काराचाच आहे.

कोडगा

मान मागून मिळत नाही, कमवावा लागतो. आमच्या हिंजवडीत व्हाइस प्रेसिडेंटलाही नावाने हाक मारतात आणि काही अडत नाही. भाचीला माझ्यातर्फे शाबासकी. विषय संपला, धागा बंद करा. (हलके घ्या.)

तात्या_सातारकर

विषय संपला म्हणणाऱ्यांचे विषय फार लवकर संपतात.

कमवावा लागतो हे ऐकायला झकास आहे. पण परीक्षा घेणार कोण? चोवीस वर्षांची मुलगी साठीच्या माणसाचा पेपर तपासणार? उद्या तिची मुलगी तिचा तपासेल. वयाचा मान ही सोय आहे. ज्याने कुणी सुरू केली त्याला माणसं माहीत होती. सगळेच म्हातारे सज्जन असते तर असा नियम करायची गरजच पडली नसती.

आमच्या भावकीत बांधावरून दोन पिढ्या कोर्टात गेल्यात. सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. पण जत्रेला एकाची पोरं दुसऱ्याच्या पाया पडतात आणि तो "औक्षवंत व्हा" म्हणतो. तेवढी एकच वाट उघडी असते. त्या वाटेनेच दोघांची समजूत घालायला कुणीतरी पुढे जातो, कधी मयताला, कधी बारशाला. ती वाटही "आधी लायकी दाखवा" म्हणून बंद केलीत तर उरलं काय?

पाया पडणं म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. दोन सेकंदांचं काम आहे. वाकावं आणि मोकळं व्हावं.

चिंचेचा_कोळ

माझ्या घरी आईला अगं आणि बाबांना अहो. पहाटे पाचला उठून डबे कुणी केले ते सांगायला नकोच. कमावलं कुणी आणि मिळालं कुणाला?

तात्या_सातारकर

आईला अगं म्हणतो ते जवळीक असते म्हणून. विठ्ठलालाही आपण अरे म्हणतो.

चिंचेचा_कोळ

मग बाबांशी जवळीक करायला कुणी धरून ठेवलं होतं? आणि बाबा आईला अगं म्हणतात, आई बाबांना अहो, ही जवळीक एकाच बाजूने कशी काय वाहते?

निळी_शाई

तात्या, दोन सेकंदांचं काम आहे खरं, पण ते कुणाला करावं लागतं हेही बघा.

तुम्ही आणि कोडगा भांडताय त्यात एक गोष्ट दोघांनीही धरून चालवलीय, की मान एकतर वयाने मिळतो नाहीतर गुणाने. गावगाड्यात बराचसा मान दोन्हींनी मिळत नव्हता. तो जन्माने मिळायचा आणि त्याची रीतसर लिखापढी असायची. पाटीलकीच्या वतनात जमिनीबरोबर मानपान यायचे: होळीला पहिली पोळी, पोळ्याला पहिला बैल, लग्नात पहिला टिळा-विडा. पहिला मान थोरल्या घराचा की धाकट्याचा, यावरून भांडणं होऊन पेशवाईत त्यांचे निवाडे झालेत. म्हणजे मान ही इस्टेट होती, वाटणीत यायची.

आणि दुसऱ्या टोकाला महार वतन. पाटलाचं दहा वर्षांचं पोर समोरून आलं तरी साठीच्या म्हाताऱ्याने बाजूला होऊन जोहार घालायचा. पोराने त्याला नावाने, एकेरीत हाक मारायची. माझ्या पणजोबांनी हे केलेलं आहे, आजीने सांगितलेलं आहे. तेव्हा "वयाच्या पाया पडा" हा नियम कुठे गेला होता?

बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या 1874 च्या कायद्यात दुरुस्ती करायचं विधेयक आणलं, ते उगाच नाही. त्या तुटपुंज्या वतनापायी माणूस रात्रंदिवस सरकारचा आणि गावाचा बांधलेला राहतो आणि त्याचं ताठ उभं राहणंच संपतं, हे त्यांनी बघितलं होतं. शेवटी कनिष्ठ वतनं गेली 1958 च्या कायद्याने आणि मुलकी पाटीलकी 1962 च्या. होळीची पहिली पोळी मात्र बऱ्याच गावांत अजून ज्याची त्याच्याकडेच आहे.

जोहार एकाच बाजूने घालायचा असे. आमच्या कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी रुजवला तो "जय भीम". शाळेच्या फाटकात सातवीतला पोरगा मला जय भीम म्हणतो आणि मी त्याला तोच परत देते. त्यात त्याने काय कमावलंय आणि मी काय कमावलंय हा हिशेब येतच नाही.

तात्या_सातारकर

बाई, तुम्ही सांगताय ते खरं आहे आणि ते वाईटच होतं. पण त्याला मान म्हणायचं कशाला? ती जबरदस्ती होती. घरातला नमस्कार आणि वेशीतला जोहार एका पोत्यात घालू नका.

निळी_शाई

> ती जबरदस्ती होती

मान कुठला आणि जबरदस्ती कुठली हे ओळखायची एक सोपी खूण आहे: नाही दिला तर काय होतं ते बघायचं. भाचीने फक्त हात जोडले, तर पाकीट खिशात गेलं, बापाला फोन सुरू झाले, वळण निघालं. आता तुम्हीच सांगा हा नमस्कार कुठल्या पोत्यात घालू.

कोडगा

+1. तात्या, क्लीन बोल्ड.

तात्या_सातारकर

अजून दुसरा डाव बाकी आहे.

वाळवंटी

मी बार्शीकडचा, माळकरी. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

आमच्याकडे हा प्रश्नच निराळा आहे. दिंडीत भजन संपलं, विसाव्याला बसायच्या आधी शेजारचा माझ्या पाया पडतो आणि मी त्याच्या. तो कोण, कुठला, काय करून आलाय, विचारत नाही कुणी. मी पंचावन्नचा आणि समोर वीस वर्षांचा टाळकरी, तरी आधी मी वाकलो तर तो घाईघाईने खाली बसतो, दोघांची डोकी आपटतात कधीकधी. नाव माहीत नसलं तरी बाईही माऊली आणि बाप्याही माऊली. तुकोबांनी लिहूनच ठेवलंय, "एक एका लागतील पायी रे." एक एका. नुसतं लहानाने मोठ्याच्या पडायचं असं त्यात नाही.

काकांना विचारा, भाची वाकल्यावर तेही तिच्यापुढे वाकणार आहेत का. वाकणार असतील तर माझ्या मते तिने खुशाल वाकावं.

आणि गाडगेबाबा तर कुणाला पाया पडूच देत नसत. गावात आले की आधी खराटा हातात. लोक मागे पाया पडायला, हे पुढे झाडत. ज्याला खरोखर मान होता त्याला तो घ्यायचाच नव्हता.

निळी_शाई

वाळवंटी, वाळवंटापर्यंत तुमचं सगळं मान्य. त्याच पंढरपुरात देवळाचं दार आमच्यासाठी उघडलं ते 1947 च्या मे महिन्यात, साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. चोखोबांची समाधी आजही पायरीपाशी, बाहेर आहे.

वाळवंटी

खरं आहे माऊली. चोखोबांना जाऊन तोवर सहाशे वर्षं झाली होती. वाळवंटात एकमेकांच्या पाया पडायचं आणि गावाकडे परत गेलं की ज्याची त्याची आळी, हे आम्हीच केलंय. मी त्यावर पांघरूण घालणार नाही. पण वारीतल्या त्या रीतीत काही खोट आहे असं मला वाटत नाही, ती गावापर्यंत आली नाही ही खोट आमची.

इसारकाठ

म्युनिकहून लिहितोय. इथे परक्या प्रौढ माणसाला "झी" म्हणायचं, म्हणजे आपलं अहो. रस्ता झाडणाऱ्यालाही झी आणि बँकेच्या मॅनेजरलाही झी. पोलिसाला एकेरीत "डू" म्हटलं तर दंडसुद्धा होऊ शकतो. गंमत म्हणजे शाळेत दहावी-अकरावीपासून शिक्षक मुलांना झी म्हणायला लागतात. मुलांनी काही कमावलेलं नसतं, नुसती मोठी झालेली असतात. माझ्या लेकाला पहिल्या दिवशी वाटलं की शिक्षिका रागावल्यात.

डूवर यायचं असेल तर ते वयाने किंवा हुद्द्याने मोठ्याने सुचवायचं असतं. म्हणजे मोठेपणाचा हक्क इथेही आहे, फक्त तो अंतर कमी करायला वापरतात. (इथे सगळं आलबेल आहे असं नाही. घर भाड्याने घ्यायला जा आणि आडनाव सांगा, मग झी म्हणत म्हणत दार कसं लावतात ते कळतं.)

शेवग्याची_शेंग

इतका वेळ वाचत होते. आता आमच्या सोसायटीचं सांगते.

आमच्याकडे वॉचमन काका आहेत, साठीच्या पुढचे. सी विंगमधला आठवीतला मुलगा त्यांना गॅलरीतून "ए वॉचमन, बॉल फेक" म्हणतो. त्याच मुलाला त्याच्या आईने परवा लिफ्टमध्ये माझ्या सासऱ्यांच्या पाया पडायला लावलं, तेही पिशव्या हातात असताना! म्हणजे वयाचा मान वगैरे त्याला शिकवलेला आहे. फक्त कुणाच्या वयाचा, तेही सोबत शिकवलेलं आहे.

स्वयंपाकाच्या बाई मावशी असतात. चहा मात्र कान तुटलेल्या कपात, आणि तो कप खिडकीच्या कट्ट्यावर पालथा, बाकीच्या कपांपासून हातभर लांब. मी हे तीन-चार घरांत बघितलंय, एकमेकींना विचारून केल्यासारखं सेम टू सेम. काही सोसायट्यांत लिफ्टसुद्धा वेगळी. आणि या मावशींनी किती वर्षं प्रामाणिकपणे काम केलं की मग त्या "अगदी घरच्यासारख्या" होतात, ते आपण कौतुकाने सांगतो. म्हणजे त्यांनी कमावला!

मला दिसतं ते असं: आपल्याकडे वरच्याला मान फुकट मिळतो आणि खालच्याला तो कमवावा लागतो. खरं तर उलटं हवं. अहो-जाहो, बसायला खुर्ची, सगळ्यांसारखाच कप, हे कुणालाच कमवायला लागू नये. पायावर डोकं, "तुम्ही म्हणाल तसं", घरातला शेवटचा शब्द, हे मात्र कुणालाही वयावर मिळू नये. तुमच्या भाचीला हे कुणी न शिकवता कळलंय. गॅसवाल्याला पाणी देते म्हणाली ना, मला तिथेच ती आवडली.

कोडगा

शेंगताई, लेख लिहा यावर.

आधीचं माझं जरा नीट मांडतो, कारण लोक व्यक्तिगत निरोप पाठवून झोडताहेत. कमवावा लागतो म्हणालो तो मताचा मान. कोड तपासताना "मी बारा वर्षं हे करतोय" एवढ्यावर कुणाचं ऐकायचं नसतं, चूक दिसली तर फ्रेशरनेही बोट ठेवायचं. तिथे ज्येष्ठतेला भाव दिला की रात्री दोनला सर्व्हर झोपतो. ते मत बदललेलं नाही. बाकी व्हीपीला नावाने हाक मारणारे आम्ही, आमच्या मजल्यावर चहा देणाऱ्या पंचेचाळिशीच्या माणसाला सगळे "छोटू"च म्हणतात, हेही खरं आहे. नावाने हाक मारण्याचा आणि समतेचा संबंध शून्य.

काळा_कोट

थोडं अवांतर, वकिली सवयीने.

राज्यघटनेच्या कलम 18 ने किताब रद्द केले, लष्करी आणि शैक्षणिक सोडून. मग पद्म पुरस्कारांचं काय? 1977 साली जनता सरकारने ते बंद केले, 1980 मध्ये पुन्हा सुरू झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1995 साली निकाल आला की हे किताब नाहीत, सबब नावाच्या पुढे-मागे लावायचे नाहीत. आता कुठलीही कार्यक्रमपत्रिका उघडा आणि मोजा. आमच्यातही 2006 साली बार कौन्सिलने सांगितलं की "माय लॉर्ड" सोडा, "युअर ऑनर" किंवा "सर" पुरे. 2012 मध्ये राष्ट्रपतींनी स्वतः "महामहीम" नको म्हणून सांगितलं. मी कोर्टात काय म्हणतो ते विचारू नका, अशिलाचा दावा पडायला नको.

निळी_शाईंनी बाबासाहेबांचा विषय काढलाच आहे तर 25 नोव्हेंबर 1949 चं संविधान सभेतलं भाषण काढून वाचा. धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे, असं ते म्हणाले. थोर माणसाबद्दल कृतज्ञ असू नये असं त्यांचं म्हणणं नाही. त्यांनी ओकॉनेल या आयरिश पुढाऱ्याचं वाक्य दिलं होतं, की स्वतःची इभ्रत घालवून कुणी कृतज्ञ राहू शकत नाही. कर्त्या काकांनी घरासाठी काही केलं असेल, तर आभार मानायला हात पुरतात.

तात्या_सातारकर

दुसरा डाव.

शेवग्याची_शेंग यांचं कपाचं म्हणणं शंभर टक्के मान्य, तो कप मीही बघितलाय. पण "पायावर डोकं वयावर मिळू नये" यावर अडतोय. समजा मुलगी वाकली नाही. काका सुधारतील? नाही. काकूंना त्रास कमी होईल? घरी गेल्यावर राग कुणावर निघेल याचा विचार मुलीने केलाय का? तत्त्व हिचं आणि किंमत दुसऱ्याच बाईने मोजायची, असं होऊ नये एवढंच म्हणतो. जुनी माणसं वाकायला सांगतात ती नेहमी बावळट असतात म्हणून नाही.

जाईची_वेल

तात्या, तुमच्या या प्रतिसादावर मी दोन दिवस काही लिहिलं नाही. हाच प्रश्न मी भाचीला विचारला. ती म्हणाली, "मी काकूला आधी विचारलंय." काकूंचं उत्तर मी इथे लिहीत नाही, त्यांचं त्यांच्यापाशी. पण वाकू नकोस असंच होतं.

खडूफळा

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आमच्याकडे गुरुपौर्णिमेला पाया पडायचा कार्यक्रम असतो, रांग लावून. पहिलीतली पोरं तर खांबाच्याही पडतात. गेल्या वर्षीपासून मी माझ्या वर्गाला सांगतो, पडायचं त्याने पडा, नाही त्याने नाही, हजेरीवर फरक पडणार नाही. यंदा निम्मा वर्ग आला नाही. सहकारी म्हणाले, बघा, गेला मान. मला उलट जे आले त्यांच्याकडे नीट बघता आलं. एक तर ज्याला मी सगळ्यात जास्त रागावतो तो होता, का आला देव जाणे.

मुलांना मी मात्र अरे-तुरेच करतो. इसारकाठ यांचं वाचून आठवीला एक दिवस अहो म्हणून बघितलं. तास वाया गेला, हसून हसून!

इसारकाठ

दुसऱ्या दिवशीही म्हणून बघायचं की.

चिंचेचा_कोळ

जाईताई, मग ठरलं काय?

जाईची_वेल

ठरलं असं: मांडवात जोडीने नमस्कार फक्त देवाला, आई-वडिलांना आणि सासू-सासऱ्यांना. बाकी सगळ्यांना, अगदी आत्या-मामांपासून, हात जोडून. म्हणजे एकट्या काकांना वगळलं असं कुणी म्हणायला नको. मुलाकडच्यांना सांगितलं तर मुलाची आई म्हणाली, बरं झालं, माझे गुडघे आता आशीर्वाद द्यायलाही उठत नाहीत. माझ्या बहिणीची फोटोची चिंता मिटली.

आता भांडण सरकलंय पत्रिकेवर. काकांचं नाव निमंत्रकात पहिलं हवं, असा निरोप आलाय.

तात्या_सातारकर

ठेवा पहिलं. एवढं तरी माझं ऐका.

निळी_शाई

मी नसतं ठेवलं. पण लग्न माझ्या घरचं नाही.

जाईची_वेल

तात्या, ठेवलं. कालच पत्रिका छापून आल्या. काकांचं नाव पहिलं, आणि त्याच ओळीत शेजारी काकूंचं, पूर्ण नावाने. या घरच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून बाईचं नाव यायची ही पहिलीच वेळ. हट्ट अर्थात भाचीचाच.

कोडगा

फॉन्ट साइज सारखाच आहे ना?

जाईची_वेल

सारखाच. प्रुफात काकूंचं नाव बारीक आलं होतं. ती प्रेसवाल्याच्या शेजारी स्टूल टाकून बसली आणि बदलून घेतलं.